गाईचं नाव आहे, बायकोचं नाही

तीर्थरूप आईस,

वाकून नमस्कार. उशिराबद्दल रागावू नकोस.

मी मजेत आहे. बुकित तिमाहला ताईकडे दोन्ही वेळ वरणभात मिळतो. नोकरीचं होईल काहीतरी, व्हिजाची काळजी तू करू नकोस. गुडघा कसा आहे?

शेजारी व्हिटलॉक म्हणून अमेरिकन आजोबा राहतात. तिकडे अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा त्यांचा एक पूर्वज शेती करायचा. आजोबा त्याचं घराणं शोधतायत, मी कागद लावून देतो. त्याच्या मृत्युपत्रात लिहिलंय, 'चेरी गाय माझ्या बायकोला द्यावी.' गाईचं नाव आहे, बायकोचं नाही. ते नाव आजोबा सहा वर्षं शोधतायत.

मी हसलो, तर म्हणाले, "तुझ्या आईचं नाव काय?"

"वैशाली."

"लग्नाआधीचं?"

पप्पांनी ताटातल्या तांदळात अंगठीने वैशाली लिहिलं, एवढंच तू सांगितलंयस. मामा तर तुला बेबीच म्हणतो. शाळेत तुला काय हाक मारायचे, ते ताईलाही माहीत नाही.

आजोबांनी आपलीही वंशावळ काढायला घेतलीय. तुझी जागा कोरी ठेवून म्हणाले, "तुला विचारता येतंय, मग विचार की."

म्हणून विचारतोय. फोनवर नको, लिहून पाठव. तीन आठवड्यांत पोचेल असं बघ, पुढचं माझं नक्की नाही.

पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी तेच नाव घाल. अक्षरावरून ओळखेन मी.

तुझा भटका,
क्षितिज