खटखट

बुऱ्हाणपूर,
फेब्रुवारी १९५६

प्रिय धुरपदा,

पत्र उघडलंस हीच मेहेरबानी. दिवाळीनंतर तुझ्या दारात उभी राहून, तुमच्या हातमागाच्या खटखटीनं माझ्या अनंताची मॅट्रिक बुडणार, असं मी अख्ख्या गल्लीला ऐकवलं. तू उलटून एक शब्द बोलली नाहीस. आठ दिवसांत तुझ्या यजमानांनी, यादवभाऊंनी, माग खोलला आणि तुम्ही शेजारच्या बहादरपुरला तुझ्या भावाकडे निघून गेलात. मी आपल्या मधल्या भिंतीला कान लावून पाहिला. एकदम चुप! पेढे वाटायचे तेवढे राहिले होते माझे.

पण काय सांगू बाई, त्या शांततेनंच पोरगं बिघडलं. माग चालायचा तेव्हा निमूट मान खाली घालून गणितं करायचं. आता त्याला सगळंच ऐकू यायला लागलं. पारवा घुमला की दचकायचा. निंबावर खार ओरडली की पुस्तक मिटायचा. माठ ठिबकला तर थेंब मोजत बसायचा. दिवसभर खिडक्या लावत फिरायचा, आणि गणितात शंभरापैकी अकरा. भूगोलाचं तर विचारूच नकोस. नवीन राज्यं होणार म्हणतात, त्यात आपण कुठं जाणार हे मास्तरांनाच ठाऊक नाही.

शेवटी आमच्या ह्यांनी इलाज काढला. कचेरीतून आले की पाटावर लाटणं आपटत बसायचे, अगदी तुमच्या मागाच्या चालीत. तहसिलीतला कारकून, अंगात कोट, हातात लाटणं! ह्यांना डुलकी लागली की चाल चुकायची, चाल चुकली की अनंताचा भागाकार. मग दोघंही माझ्यावरच खेकसायचे.

महिन्याभरापासून अनंता सायकल काढून स्टेशनाजवळच्या लालबागला मित्राकडे पढाईला जायला लागला. दचकणं गेलं, मार्क वाढले, पण घरी जेवेना. काल कपडे धुताना त्याच्या सदऱ्याला जागोजाग सूत चिकटलेलं दिसलं. कान पिरगाळल्यावर कबूल झाला. मित्र कसला नि लालबाग कसली! रोज तुझ्याकडे येतो, मागाशेजारी बसून गणितं करतो, तुझ्या हातची गरम भाकरी खातो. आणि आईला कळू देऊ नको, तिला लागेल, असं तूच त्याला बजावलंस म्हणे.

धुरपदा, मला फार शरम वाटली गं. चुकलं माझं. मी तुला काय नाही ते बोलले, आणि तू माझं लेकरू सांभाळलंस. परीक्षेला वीस दिवस आहेत, पण हे पत्र त्यासाठी नाही. तो तुझ्याकडे येऊन पास होईलच. मलाच तुझ्यावाचून करमत नाही. पत्र घेऊन आलेल्या लोटूची बैलगाडी मुद्दाम रिकामी पाठवली आहे. माग चढव, भांडी चढव, तूही चढ. तुला जे बोलायचं असेल ते इथं येऊन, माझ्या दारात, गल्लीला ऐकू जाईल असं बोल.

तुझीच तोंडाळ,
कुसुम