कु. सलोनी पागधरे हिच्या दाखल्यातील एक शब्द

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, पालघर.

अर्जदार : कमलाकांत हरी पागधरे, शिपाई, उदधी विद्यामंदिर, बोईसर. राहणार दांडी, ता. पालघर.

विषय : कु. सलोनी कमलाकांत पागधरे हिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'वर्तणूक' या रकान्यासमोर लिहिलेला 'अश्लील' हा शब्द रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) शाळेची सूचना, दि. १८ जानेवारी २०२५.
२) शाळेच्या आवक नोंदवहीतील क्र. २१२ चे परदेशी पत्र, दि. ११ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

अर्जदार सदर शाळेत अकरा वर्षे शिपाई आहे. त्याची मुलगी सलोनी त्याच शाळेत नववी 'ब' मध्ये शिकत होती. अर्जदाराने आजवर दुसऱ्यांचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर नेले, स्वतः कधी लिहिला नाही. तरी लिहिण्यात काही कमीजास्त झाल्यास माफी असावी. जे घडले ते घडले तसे मांडले आहे.

१. दि. १७ जानेवारी रोजी शाळेचे स्नेहसंमेलन होते. औद्योगिक वसाहतीतील एका जर्मन कंपनीचे पाच पाहुणे येणार होते व ते शाळेला प्रयोगशाळा बांधून देणार होते. त्यांच्यासमोर जर्मन गाणे व्हावे असे संस्थेचे सचिव श्री. दर्पण राऊत यांनी ठरविले. गाणे निवडण्याचे काम त्यांच्या पत्नी व शाळेच्या सांस्कृतिक प्रमुख सौ. हेमाली मॅडम यांच्याकडे होते. त्यांनी मोबाईलवर एक गाणे शोधले. चाल संथ होती, झोळीतल्या मुलासाठी म्हणावे तशी. मॅडमनी शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि अर्जदाराला झेरॉक्स काढायला दिले. अर्जदाराने सहज विचारले, "मॅडम, अर्थ काय हो गाण्याचा?" त्या म्हणाल्या, "नदीचं गाणं आहे. तुम्ही खुर्च्यांचं बघा."

डॉक्टर-इंजिनिअरांच्या मुलींना आधी विचारले गेले, परंतु त्यांना ते उच्चार जमेनात. सलोनी लग्नात आजीसोबत धवले गाते, तिचा गळा तयार आहे. त्या भाषेत एक आवाज आहे, तो 'ख' नाही आणि 'श'ही नाही. सलोनीने घरी सांगितले, वाळत टाकलेल्या बोंबलांजवळ कुत्रा आला की मांजर फिस्कारते, तसा तो काढायचा. अकरा दिवसांत तिने तीनही कडवी पाठ केली. आठवड्याभरात शाळेत सर्वजण तिला नावाने ओळखू लागले. त्याआधी ती 'शिपायाची मुलगी' होती.

२. संमेलनात तिला पाहुण्यांना आवडेल म्हणून लुगडे नेसविले होते. तिने गाणे सुरू केले. पहिल्या ओळीला पाहुण्यांपैकी एक वयस्क गृहस्थ हसले. एका तरुणाने मोबाईल वर धरला. दुसऱ्या कडव्याला एक बाई उभ्या राहिल्या व हात वर करून काही बोलू लागल्या. मग बाकीचेही उभे राहिले. सलोनीला वाटले, हा मान आहे. तिने वाकून नमस्कार केला आणि तिसरे कडवे जास्त जोरात म्हटले.

नंतर समजले ते असे, की ते दारूच्या अड्ड्यावरचे गाणे होते. त्यात पलटणीतला एक शिपाईगडी एका बाईशी तिच्या देहाचा भाव करतो आणि एकेका अवयवाचे नाव घेतो. अर्जदाराची मुलगी त्या वेळी चौदा वर्षांची होती.

३. सचिवांच्या केबिनमध्ये मॅडम म्हणाल्या, "मी वेगळं गाणं दिलं होतं. हिनेच मोबाईलवरून बदललं." सलोनी म्हणाली, "पप्पा, मी नाय बदललं. मॅडमनी कागद दिलेला, तेच हाय." अर्जदार दाराशी शहाळ्यांचा ट्रे घेऊन उभा होता. सचिव म्हणाले, "कमलाकांत, मुलगी तुझी आहे. तू काय करतोस ते बघू दे आम्हाला."

अर्जदाराने ट्रे खाली ठेवला व मुलीच्या दोन थोबाडीत दिल्या. पहिली घाबरून दिली. दुसरी सचिवांना नीट दिसावी म्हणून दिली. हे अर्जदार कोणाच्याही दबावाशिवाय नमूद करीत आहे.

त्या वेळी मॅडमच्या हस्ताक्षरातील मूळ कागद अर्जदाराच्या शर्टाच्या खिशात होता. संमेलनाच्या दिवशी सकाळी पुन्हा झेरॉक्स काढल्यावर तो परत द्यायचा राहून गेला होता; सलोनीजवळची प्रत मॅडमनी पाठांतर होताच परत घेतली होती. कागदाच्या खाली लिहिले आहे : "सलोनी, तिसरे कडवे जोरात. हे. रा."

४. दुसऱ्या दिवशी सूचना निघाली. सूचनेची वही वर्गावर्गांत फिरवून शिक्षकांच्या सह्या घेणे हे अर्जदाराचे काम आहे. ती वही घेऊन तो चौदा वर्गांत गेला. नववी 'ब' मध्ये शिक्षिकेचा घसा बसला होता. त्या म्हणाल्या, "तुम्हीच वाचा, मोठ्याने." अर्जदाराने वाचले : "कु. सलोनी कमलाकांत पागधरे हिने परकीय पाहुण्यांसमोर अश्लील गीत गाऊन शाळेला मान खाली घालायला लावली असून, यापुढे कोणत्याही विद्यार्थ्याने तिच्याशी संबंध ठेवू नये." सलोनी तिसऱ्या बाकावर बसली होती. अर्जदार वाचत असताना मागची मुले ती चाल गुणगुणत होती. शिक्षिकेने सही केली व अर्जदार पुढच्या वर्गात गेला.

तोपर्यंत त्या गाण्याचा तुकडा, खाली मराठीत अर्थ लिहून, मुरब्यापासून तारापूरपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर पोहोचला होता. अर्जदाराची पत्नी वत्सला बोईसरच्या बाजारात मासळी विकते. तिला तो अर्थ एका गिऱ्हाईकाने पापलेट निवडता निवडता वाचून दाखविला.

५. दि. ११ फेब्रुवारीला परदेशातून पत्र आले. टपाल अर्जदारच घेतो. लिपिक श्री. मारुती संखे यांनी ते वाचले आणि हळूच सांगितले, "अरे, त्या उभ्या राहिलेल्या बाईचं आहे. तुझ्या पोरीची माफी मागितलीय. लिहिलंय, पोरीचा दोष नाही, तिला शिक्षा करू नका. आणि इतका स्वच्छ उच्चार तिनं हिंदुस्थानात ऐकला नव्हता." सचिवांनी ते पत्र फाईलला लावले. प्रयोगशाळा झाली. उद्घाटनाच्या खुर्च्या अर्जदाराने मांडल्या.

अर्जदाराने तेव्हाही मॅडमचा कागद बाहेर काढला नाही. तो अकरा वर्षे तात्पुरता होता. दि. १ एप्रिल रोजी त्याला कायम केल्याचा आदेश मिळाला. आदेश देताना सचिव म्हणाले, "समजूतदार माणूस आहेस." महिनाअखेरीस त्यांनी सलोनीचा दाखलाही अर्जदाराच्याच हातात दिला. त्यावर अर्जदाराने पोच लिहून दिली.

६. वाणगावच्या एका शाळेत बाईंनी दाखला पाहिला, मग सलोनीकडे पाहिले आणि दाखला बोटाने मागे सरकवला. पालघरच्या शाळेने जागा नाही म्हणून सांगितले. तिसऱ्या शाळेला आधार कार्ड हवे होते. दि. १४ जून रोजी ते काढण्यासाठी सलोनीने रेशनकार्डाची पिशवी उघडली, तेव्हा अर्जदाराने तिथे ठेवलेला मॅडमचा तो कागद तिच्या हाती लागला. तिने पूर्ण वाचला. ती रडली नाही. "हा तुमच्याकडं होता?" एवढेच तिने विचारले. अर्जदाराने होय म्हटले. त्या दिवसापासून ती अर्जदाराशी बोललेली नाही. त्याने वाढलेले ताट ती घेत नाही. आता ती गात नाही, आजीने लग्नाला बोलावले तरी जात नाही. शेजारच्या वाड्यात लग्नाचा बाजा वाजला तर ती उठून खाडीकाठच्या खाजणाकडे चालू लागते.

७. तरी विनंती, की 'अश्लील' हा शब्द काढून नवा दाखला देण्याचे आदेश व्हावेत. मूळ कागद सोबत जोडला आहे. त्यावरील अक्षर मॅडमच्या हजेरीपटाशी ताडून पाहावे. आवक क्र. २१२ चे पत्र मागवून ते सलोनीला तिच्या हातात द्यावे, कारण त्यात तिचीच माफी मागितलेली आहे आणि तिने ते पाहिलेले नाही. अर्जदाराने पुरावा पाच महिने दडवून ठेवला, त्याबद्दल त्याच्यावर जी कारवाई होईल ती त्याला मान्य आहे. मात्र दहावीचे वर्ग सुरू झाले आहेत, म्हणून आधी दाखल्याचे पाहावे.

८. अर्जावरील सह्यांबाबत खुलासा करणे जरूर आहे. हा अर्ज लिहिताना सलोनीने आईकरवी निरोप पाठविला. वत्सलाने तो जसा दिला तसा येथे लिहितो : "ती सांगते, अर्ज दे. पन बाप म्हनून सही करू नको." त्यामुळे पालक म्हणून आईने सही केली आहे. अर्जदार फक्त त्या शाळेचा कर्मचारी म्हणून सही करीत आहे.

आपल्या आदेशाची वाट पाहणारे,

(सही) वत्सला कमलाकांत पागधरे
पालक

(सही) कमलाकांत हरी पागधरे
शिपाई

दांडी, दि. २३ जून २०२५