तिसरं मागणं

तळ्यावरचं ठाणं,
४ जून १९८४

चि. येरसाइन यास मामाचे अ. आ.

तुझं पत्र रसदीच्या ट्रकमधून बटाट्यांच्या पोत्यावर बसून आलं. रौशानला आठवा लागला हे वाचून बरं वाटलं. तिला जप. शहरात माझ्या दोन खोल्यांना कुलूप आहे, जाता-येता खिडक्या नीट लागल्यात ना ते बघत जा. नाहीतर पुस्तकं भिजतील.

इथे तळ्याचं पाणी मोजायला मी, बोरान आणि रेडिओ. दुपारी रेडिओवरचे गायक गळ्याला टाय आवळल्यासारखे गातात आणि बोरान उठून बाहेर जातो. कुत्र्याला संस्कृती कळत नाही असं म्हणायची सोय राहिली नाही. पेपर आठवड्याने येतो. त्यात सगळ्या कारखान्यांनी लक्ष्य ओलांडलेलं असतं. इथे फक्त पाण्याने ओलांडलंय.

थट्टा पुरे. गेल्या वर्षी ज्या चपट्या दगडावर बसून मी चहा प्यायचो, त्यावर उभा राहून बोरान आता तळ्याचं पाणी पितो. तळं अडवून धरलंय ते बर्फाने आणि दगडगोट्यांनी, आणि तो बांध आतून पाझरतोय. खाली कारासाजला नदीकाठी मुलांचं शिबिर भरवायचं म्हणून तुझ्या कचेरीने ‘तळं सुरक्षित आहे’ असा दाखला माझ्याकडे सहीला पाठवलाय. मी सही करणार नाही. तीस वर्षं विद्यापीठात पोरांना मोजायला शिकवलं, आता मोजलेलं खोटं कसं म्हणू?

आपला लोभ या तळ्यासारखा चढता असो, फुटता नसो.

तुझा मामा,
मागाविया


शहर, ११ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

खिडक्या ठीक आहेत. मी ठीक नाही.

काल कचेरीत सैतकाली साहेबांनी बोलावून विचारलं की, प्रोफेसर तुझे सख्खे मामा, मग तुला एक सही आणता येत नाही? एक जुलैला शिबिर सुरू होतंय. एकशेवीस मुलं, वरून पाहुणे. दाखला आला नाही तर नव्या इमारतीतलं माझं घर दुसऱ्याला जाईल, हेही त्यांनी हसत हसत सांगितलं. मामा, आम्ही अजून सासूबाईंच्या खोलीत पडदा लावून झोपतो. बाळाला कुठे ठेवू? तळं फुटणार असं मी शाळेत होतो तेव्हापासून तुम्ही म्हणताय.

भाच्याने तीनदा मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, ही आपली रीत. पाचव्या वर्षी मी तपकिरी शिंगरू मागितलं. पदवी मिळाली तेव्हा बोरानचा भाऊ मागितला, तो तुम्ही डोळे पुसत दिलात. हे माझं तिसरं मागणं. सही द्या.

रागावलात तरी तुमचाच,
येरसाइन


तळ्यावरचं ठाणं, १७ जून

चि. येरसाइन यास अ. आ.

दाखला सही करून सोबत पाठवतोय. तुझ्या आजोबांनी आपला एकुलता घोडा भाच्याला दिला आणि दोन दिवस चालत घरी आले. आपल्या घरात भाच्याला नाही म्हटलेलं नाही. मीही म्हणत नाही.

मात्र सही माझी, तर तिच्या भरवशावर झोपायलाही मीच हवा. एक तारखेला बोरानला घेऊन खाली येतो. नदीकाठचा पहिला तंबू माझा. मी मुलांना तारे दाखवीन, बोरान त्यांच्या ताटातले तळलेले बाउरसाक पळवील.

आज त्या दगडावर बोरान पोटापर्यंत पाण्यात उभा होता.

यापुढे लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

मामा


शहर, २४ जून

ती. मामांस शि. सा. न.

दाखला तीन दिवस कोटाच्या खिशात होता. कोट झटकताना रौशानला तो तुमच्या पत्रासकट सापडला. ती ओरडली नाही. आपलं बाळ दहा वर्षांचं असतं तर त्याला या शिबिरात घातलं असतंस का, एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर मी दाखला फाडला. शिबिर टेकडीवरच्या शाळेत गेलं, माझं घर दुसऱ्याला गेलं आणि मी गोदामात बसतो. साहेब म्हणाले, उन्हाळाभर तळं जागेवर राहिलं तर मामा-भाच्यांना बघून घेतो.

रोज सकाळी नदीकडे कान लावतो. ते फुटावं असं मनात येतं आणि स्वतःचीच भीती वाटते. तुम्ही खाली उतरू नका, एवढं ऐका.

आशीर्वादाची आज फार गरज असलेला,
येरसाइन


तळ्यावरचं ठाणं, ८ जुलै

चि. येरसाइन यास अ. आ.

परवा दुपारी तळं गेलं. अर्धा तासही लागला नाही. कारासाजचा पूल गेला आणि तंबूंसाठी आखलेल्या मैदानात आता घराएवढे दगड पडलेत. माणूस एकही गेला नाही.

लोक मला शहाणा म्हणतील, तू म्हणू नकोस. सही मी केली होती. घराण्याचा शब्द राखायला एकशेवीस मुलं पणाला लावली आणि शेजारी आपण झोपलो म्हणजे दोष फिटेल, अशी स्वतःची समजूत घातली. तीस वर्षं मोजणाऱ्या माणसाला एवढं मोजता आलं नाही. मला लाज वाटते, येरसाइन.

आज सकाळी बोरान त्या दगडावर गेला, पाण्यासाठी वाकला. पाणी नव्हतं. मग माझ्याकडे बघत राहिला.

आता नीट ऐक. फाडलेलं मागणं मागितल्यात धरत नाहीत, तेव्हा तुझं तिसरं अजून शिल्लक आहे. माझं नव्हतं ते तू मागितलंस आणि मी दिलं. जे माझं आहे ते तुलाही सुचलं नाही, मलाही नाही. खिडक्या बघायला जातोस त्या दोन खोल्या माग. हिवाळ्यात मी आणि बोरान स्वयंपाकघरात झोपू. बाळ येण्याआधी माग, म्हणजे मला नाही म्हणता येणार नाही.

वाट बघणारा,
मामा