सातवीने तपासलेला बायोडाटा

केदारखेडा,
मंगळवार, दुकानात लाईट नसताना

तीर्थरूप रामकिसन दाजींना रायभानचा वाकून नमस्कार. सोनूअक्काचा गुडघा आता कसा आहे? (मागे तुम्ही "बराबर आहे" म्हणालात, पण ते तुमचं मत झालं. गुडघा तिचा आहे, तिलाच विचारून कळवा.) फोन केला असता, पण तुम्ही दोनदा "हं हं" करून ठेवून देता, अन् ही हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. आमच्याकडे सगळे मजेत, पोरगा करण सोडून. तो माझ्याशी बोलून न्हाई राह्यला. त्याचं कारण मात्र मोठं आनंदाचं आहे.

दाजी, मी शाळेत शिकवून आलो! सातवीला! आठवीतून शाळा सुटलेला, मोटार वाइंडिंग पुस्तकावरून अन् इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून शिकलेला तुमचा मेव्हणा हातात खडू घेऊन उभा! झालं असं की, शाळेच्या सूचनाफलकावर मी पेनाने दुरुस्ती करत होतो (पाऊस मिलिमीटरात मोजतात, सेंटिमीटरात न्हाई), तेवढ्यात नव्या प्रियदर्शनी मॅडमनी मला पकडलं. वाटलं, आता बोलतील. तर त्या म्हणाल्या, "काका, मोबाईलवर येईल ते पोरं खरं मानतात. माहिती तपासून कशी घ्यावी, यावर एक तास घ्याल का?" एक काय, मी तीन घेतले.

मॅडमच्या पुस्तकात स्रोत, विश्वासार्हता, पडताळणी असे भारी शब्द होते. पोरं जांभया देऊन राह्यली. मंग मी पुस्तक मिटलं अन् विचारलं, बाळांनो, आपण सोयरीक करतो तेव्हा काय करतो? मध्यस्थ म्हणतो पोरगा हिरा आहे, म्हणून लगेच पोरगी देतो का? बिलकुल न्हाई. आधी फाट्यावर चहा पितो अन् चहावाल्याला सहज विचारतो. मंग पिठाच्या गिरणीत विचारतो. मंग ज्याच्या बांधाला बांध आहे त्याला, पण त्यांचं बांधावरून भांडण असेल तर त्याचं निम्मंच धरतो. (हे निम्मं धरणं म्हणजेच विश्वासार्हता. मॅडमनी लिहून घेतलं.) तर मोबाईलवरचा मेसेज हेही एक आलेलं स्थळच समजा. कोणी सांगितलं? त्याला कसं कळलं? दुसरं कोण सांगतं? दाजी, अख्खा वर्ग ताठ झाला. टाळ्या तर अशा पडल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली!

गृहपाठ मीच दिला: या आठवड्यात गावात सगळ्यात जास्त फिरलेला मेसेज तपासायचा अन् पालकसभेला फळ्यावर मांडायचा. मला वाटलं, काखेत कांदा धरला की ताप उतरतो, असलं काहीतरी आणतील. पण त्या आठवड्यात सगळ्यात जास्त कोणता मेसेज फिरला असेल? आमच्या करणचा बायोडाटा. (घनसावंगीच्या स्थळासाठी तुम्ही मागवला, तो मी तुम्हाला पाठवून शिवाय दिसेल त्या ग्रुपवर टाकला. भजनी मंडळ, ठिबक सिंचन, दहावीची बॅच, ज्या बॅचमध्ये मी नव्हतोच.)

आमच्या शेजारच्या बद्रीनाथची प्रांजली आहे ना, दोन वेण्या अन् एसटीच्या कंडक्टरसारखा आवाज, तिने टोळी केली अन् अगदी माझ्या पद्धतीने कामाला लागली. सभेला मी पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या कपड्यांत. फळ्यावरचं कापड निघालं तर माझ्याच पोराचा फोटो! पुढे स्वच्छ अक्षरात: पाच एकर बागायत, होळीपर्यंत खरे, नंतर कोरडवाहू (स्रोत: विहीर, समक्ष). स्वभाव शांत, आऊट दिल्यावर न्हाई (स्रोत: क्रिकेट टीम, विरोधी टीमसुद्धा). फोटोतला ट्रॅक्टर, नंबर प्लेट मोठी करून पाहिली, प्रांजलीच्या पप्पांचा. उंची पाच फूट आठ इंच, प्रत्यक्षात पाच फूट साडेपाच (स्रोत: टेप. तोही माझ्याच दुकानातला).

करणच्या आईने, आमच्या नंदाने, पदर पार नाकापर्यंत ओढला. बद्रीनाथ मागून ओरडला, "रायभान, फोटोला ट्रॅक्टर नेतो तर डिझेल तरी टाकत जाय!" मी मात्र उभा राहून म्हणलो, शाब्बास! दाजी, माझा ऊर भरून आला. शिकवलेलं इतकं पक्कं उतरलेलं कोण्या मास्तरने पाहिलं असेल?

पण कोण्या पालकाने त्या फळ्याचा फोटो काढला, अन् तो बायोडाट्यापेक्षा जल्दी घनसावंगीला पोचला. रविवारी ते लोक यायचे होते, ते आलेच न्हाईत. करण म्हणाला, "बापू, आधीची स्थळं आपोआप गेली, हे तुम्ही शिकवून घालवलं," अन् तेव्हापासून गप्प. घनसावंगीची पोरगी, शिवकन्या, त्याला मनापासून आवडली होती. (फोटोवरून. पडताळणी बाकी.) नंदा ताट वाढायची ते आपटूनच. माझ्याही हातून, खोटं कशाला, दुकानात एका मोटारीच्या वाइंडिंगचा फेर उलटा बसला.

अन् काल फोन आला! तिच्या वडलांचा न्हाई, खुद्द शिवकन्येचा. म्हणे, फळ्याखाली जिचं नाव आहे त्या पोरीला द्या. प्रांजलीला शेतातून बोलावलं, फोन स्पीकरवर ठेवला.

"काय गं, एवढं खोटं सापडलं, मंग कागदावर न लिहिलेलं खरं काही सापडलं का?"

"हाव ताई. पोळ्याला काकूंचा हात मोडल्ता, तवा महिनाभर भाकरी करणदादाच थापत होता. गिरणीवाली सांगते, शेजारच्या दोघी सांगतात. काकांना विचारलं न्हाई, ते घरचे आहेत."

तिकडून हसल्याचा आवाज आला. मंग ती म्हणाली, "आजवर आलेल्या पोरांत हा एकच तपासलेला आहे. येत्या रविवारी येतो आम्ही. भाकरी मात्र त्याच्याच हातची."

दाजी, जमल्यातच जमा! करण अजून बोलत न्हाई, पण सकाळपासून ज्वारी निवडून राह्यला. अक्काला नमस्कार अन् गुडघ्याला तेल.

तुमचा,
रायभान

ता. क. बारीकसं काम आहे. शिवकन्या म्हणते, माझाही बायोडाटा याच पोरांनी तपासावा, मंगच बरोबरी झाली. त्यातलं 'मितभाषी, गृहकृत्यदक्ष' हे तुमच्याकडून आलेलं. म्हणून शनिवारी प्रांजलीची टोळी मॅडमसकट जीपने अंकुशनगरला तुमच्या दारात येते. "तुम्हाला कसं कळलं?" असं विचारतील. कृपा करून घरीच राहा, कारखान्यात काम निघालं म्हणून सटकू नका.

आणखी ता. क. तिथं उंचीचाही विषय निघेल. पाच फूट आठ हा आकडा तुम्ही मला फोनवर सांगितल्ता, असं म्हणाल का? तुम्ही लांब राहता, तुम्हाला खपून जाईल. मला सोमवारी आठवीचा तास आहे.

शेवटचं ता. क. शुद्धलेखन पाहायला पत्र प्रांजलीला दिलं अन् वरचं ता. क. झाकायचं राहून गेलं. ती म्हणते, टाळ्या मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणून होत्या, अन् शाळेवर कबुतरं न्हाईतच. उंचीचं आता दाजींना विचारायची गरज न्हाई, असंही म्हणते. तिने लिहून घेतलं: कोणी सांगितलं? काकांनी. त्यांना कसं कळलं? कळलं न्हाई. दुसरं कोण सांगतं? शनिवारपर्यंत कोणीच न्हाई.