किल्ली मागितली तर

३ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तू ठेवलेल्या मावशी बाजारात जाताना मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या लेकीनेच सांगितलंय. अगं, जन्मभर कॉलेजात व्यक्तिस्वातंत्र्य शिकवलं मी. कुणाच्या भल्यासाठीसुद्धा त्याला कोंडता येत नाही, हे सांगून सांगून घसा कोरडा केला. आणि पोटची पोर मलाच कोंडते? गॅस एकदा चालू राहिला, कबूल. म्हणून काय कैदी झाले? किल्ली माझ्या हातात दे. जेवणाची आबाळ करू नकोस.

लोभ आहेच, पण सध्या राग जास्त आहे.

तुझी आई

९ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझ्या वर्गात बसलेली मी, तुझ्याशी वादात जिंकणार थोडीच? मावशींना सांगितलंय, किल्ली आजपासून तुझी. फक्त एक विचारते. जायची वाट मोकळी आहे, पण परतीची आठवत नाही, अशा माणसाला स्वतंत्र म्हणायचं का? चिडू नकोस. मला भीती वाटते गं.

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ठकू

२१ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

मावशींच्या आधी मीच सांगते. काल पोस्टात निघाले आणि चौकात घर कुठल्या बाजूला तेच आठवेना. दुपारभर शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. त्याने नाव विचारलं, तेही चटकन सांगता आलं नाही. फार लाज वाटली.

वर्गात तू एकदा विचारलं होतंस, माणूस आपल्या मर्जीने आपलं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो का. मी ठाम नाही म्हटलं होतं. आज किल्ली मावशींना दिली, माझ्या मर्जीने, पूर्ण शुद्धीत. पुढे मी मागितली, भांडले, रडले, तरी देऊ नका. हेच माझं खरं म्हणणं समज.

यापुढच्या आईवरही अशीच माया ठेव.

तुझी आई

४ ऑगस्ट

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

दाराला बाहेरून कुलूप आहे. कुणी लावलं, कुणाला विचारून? इथली बाई म्हणते, किल्ली तुम्हीच दिलीत. धादांत खोटं. मी अशी कधी देईन का? जन्मभर स्वातंत्र्य शिकवलं मी. तू तरी मला ओळखतेस. इथे माझं कोणी ऐकत नाही. पत्र मिळताच किल्ली घेऊन ये.

दाराशीच बसले आहे.

तुझी आई