तिसऱ्या बेसवर पाय लागला नव्हता

५ जानेवारी, रविवार

आज सामान आलं. पिंपळगाव राजाहून छोटा हत्ती केला होता. पलंग, गॅस, दोन कोठ्या, ऋत्विकची तीन चाकाची सायकल आन् माही अंपायरची पेटी. पेटीत छातीचं गार्ड, तोंडावरची जाळी आन् माती झाडायचा छोटा ब्रश. शाळेतले खेळाचे सर म्हणत, मॅच झाली का घरी येऊन लिहायचं, कोणता निर्णय काऊन दिला ते. नववीत शाळा सुटली, पण लिहायची सवय नाही सुटली.

तिकडं बेसबॉलच्या मॅची वर्षातून चार-दोन. आन् बाईले अंपायर घेताना लोकं दहा वेळा इचार करतात. इथं मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमच्या रस्त्यानं आत, ऋत्विकच्या पप्पाच्या मामाचं गाव आहे. सगळे वाडीच म्हणतात. मामाचं नाव हिंमतराव. इथं कधीकाळी एका सरानं पोराइले बेसबॉल लावला, तवापासून पोरी, पोरं, लग्न झालेले गडी, सगळे खेळतात. मामानं फोनवर सांगतलं का दर रविवारी मॅच आहे, आजूबाजूच्या शाळाही तुलेच बोलावतीन. ऋत्विकचे पप्पा म्हणाले, पुष्पा, आता नाही तं कधीच नाही. मले तं नाचावं वाटलं.

खोली ग्राउंडले लागूनच आहे. दार उघडलं का समोर होम प्लेट, म्हणजे सगळे बेस करून रनरनं शेवटी पोचायचं घर. शेजारच्या गीताबाई वांग्याची भाजी आन् भाकरी घेऊन आल्या. हसत म्हणाल्या, या गावच्या गड्याइले आऊट म्हणून दाखव, मंग तुले मानलं. ऋत्विक मम्मी मम्मी करत मधात आला तं त्याच्याकडं पाह्यतच राह्यल्या. किती वर्षाचा म्हणे. मी म्हटलं चार. मंग भांडं न घेताच गेल्या.

८ जानेवारी, बुधवार

कपडे वाळू घालतानी एक ध्यानात आलं. ग्राउंडच्या अंगानं ज्या घराइचे दारं होते ते सगळे इटा लावून बुजवले आहे. सगळ्याइनं मागच्या बाजूनं नवे दारं काढले. आमचंच एक ग्राउंडकडं उघडते. ऋत्विकच्या पप्पाले विचारलं. ते म्हणे बॉल येऊन लागते न लोकाइले. पटलं. बेसबॉलचा बॉल गोट्यासारखा कडक असते.

तिसऱ्या बेसच्या मागं जुनी विहीर आहे. वरून स्लॅब टाकून बंद केली. पोराइच्या दृष्टीनं बरं आहे.

संध्याकाळी राम काका आले. आतापर्यंत तेच इथले अंपायर होते. चहा घेतला नाही. माहा ब्रश हातात घेऊन उलटापालटा करत बसले. मंग विचारलं, पोरी, तू जे दिसलं ते देतं का जे सांगतलं ते देतं? मी म्हटलं काका, दिसलं तेच. ते म्हणाले, म्हणूनच हिंमतरावनं तुले आणलं. मले लय अभिमान वाटला. ऋत्विकच्या पप्पाले सांगतलं तं ते भिंतीकडं तोंड करून झोपून गेले.

१२ जानेवारी, रविवार

पह्यली मॅच. झकास झाली. एक गडी म्हणे मॅडम, चष्मा लावा. मी म्हटलं भाऊ, चष्मा लावला तं तू अजून लवकर आऊट होशीन. सगळे हसले, तोही हसला. ऋत्विकचे पप्पाही खेळले. मामानं त्याइले तिसऱ्या बेसवर उभं केलं, म्हणे गावचं कोणी तिथं उभं राहात नाही, तू राह्य.

एक गोष्ट लिहून ठेवते. प्लेटवरची माती झाडतानी अंपायरनं ग्राउंडकडं पाठ करायची आन् लोकाइकडं तोंड. मानाची रीत आहे, लोकाइले पाठ दाखवायची नसते. मी वाकून झाडत होती आन् मान वर केली तं समोर बसलेले सगळे माह्या मागं पाहून राह्यले होते. गीताबाईनं पदर तोंडात धरला होता. मी वळली. काहीच नव्हतं. खेळाडू आपापल्या जागेवर.

१९ जानेवारी, रविवार

हे नीट लिहिते, कारण मले माहा निर्णय तपासायचा आहे.

शेवटचा डाव, उजेड कमी होऊन राह्यला होता. मी प्लेट झाडून वळली तं दुसऱ्या बेसवर एक पोरगा. दहा-बारा वर्षाचा असंन. तो बेसवर कवा गेला मले आठवत नाही. मले वाटलं माह्याच ध्यानातून गेलं. बॅटरनं बॉल लांब मारला आन् तो पोरगा निघाला. लय जोरात पळला. तिसऱ्या बेसच्या आतून कापून आला, पाय लागलाच नाही, हातभर लांब होता. मंग होम प्लेटवर घसरत आला. कॅचरच्या हातात बॉल होता पण त्यानं पोराले बॉल लावून आऊट केलं नाही. डोळे मिटून उभा राह्यला.

आता नियम असा आहे. रनरचा बेस सुटला तं अंपायरनं आपल्या तोंडानं बोलायचं नसते. समोरच्या टीमनं बॉल घेऊन त्या बेसवर उभं राह्यचं आन् म्हणायचं का याचा पाय लागला नाही. तवा आऊट. कोणी नाही बोललं तं अंपायर चूप. मी तिसऱ्या बेसकडं पाह्यलं. ऋत्विकचे पप्पा तिथंच होते. खाली पाहून राह्यले होते. कोणीच बोललं नाही. मी दोन्ही हात पसरले. सेफ.

मामा म्हणाले उजेड गेला, मॅच इथंच थांबवा, पुढच्या रविवारी इथूनच पुढं खेळू. मंग येऊन वाकले आन् माह्या पायाले हात लावला. सासऱ्याच्या जागेवरचा माणूस. मी मागं सरकली.

तो पोरगा कोणाच्या घरी गेला मी पाह्यलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

उंबरठ्यावर चुना. बेसच्या रेषा मारतात तो. पुसला, दुपारी परत होता, आतल्या अंगानं.

ऋत्विक म्हणते दादा आला. दादा त्याले म्हणते ही माही जागा आहे, सरक. मी म्हटलं कोण दादा. म्हणे मम्मी, तूच तं हात पसरून घरात घेतला.

ऋत्विकच्या पप्पानं आज पोराचं अंथरूण भिंतीजवळून काढून दाराजवळ टाकलं. विचारलं तं म्हणे तिकडं ओल आहे. भिंत कोरडी ठणठणीत आहे. मी हात लावून पाह्यला.

२३ जानेवारी, गुरुवार

गीताबाईले गाठलं. मंग विहिरीकडं पाठ करून सगळं सांगतलं. तो शिवम आहे. हिंमतराव मामाचाच पोरगा. बेस सुटला म्हणून राम काकानं त्याले आऊट दिलं, पोरं हसले, तो रडत विहिरीकडं गेला, तो गेलाच. तवापासून मॅच असली का पळत येते. राम काका दर वेळी आऊट देतात. पण आऊट दिलं का चिडते, गावच्या लहान्या पोराइले विहिरीकडं बोलावते. गीताबाईचा राजू त्यातच गेला. म्हणून सगळ्याइनं बसून ठरवलं. बाहेरची अंपायर आणायची. तिले काही सांगायचं नाही. तिनं सेफ दिलं का तो तिच्या घरचा होईन आन् गाव मोकळं.

मी म्हटलं आन् माहा पोरगा? गीताबाई म्हणाल्या, तूच अंपायर, तुले नियम माहीत.

मले माहीत आहे. एका बेसवर दोघं राहू शकत नाही. मागून येणाऱ्याचा हक्क असला तं पुढच्याले जागा सोडून निघाच लागते.

२४ जानेवारी, शुक्रवार

शेखरले विचारलं, तुले माहीत होतं का. आता नवऱ्याले अहोजाहो नाही, नावच.

हाव म्हणे. पायही दिसला होता म्हणे, लागला नव्हता. मामानं लहानाचा मोठा केला, नाही कसं म्हणू. मामा म्हणे ऋत्विकले काही होणार नाही, घरात एक ताट वाढंन एवढंच.

तो बोलत होता तवा ऋत्विक दारात उभा होता. बाहेर तोंड करून. हाक मारली तं वळला नाही.

बॅग भरली. ऋत्विक मेहकरच्या रस्त्याले लागते तं ठीक, मंग हात सोडून पळत मागं येते. ग्राउंडकडं. तीन वेळा.

२५ जानेवारी, शनिवार

मले सुचलं. मॅच संपली नाही. थांबवली आहे. पिचरनं पुढचा बॉल टाकेपर्यंत अजूनही बोलता येते. एकानं बॉल घ्यावा, तिसऱ्या बेसवर उभं राह्यावं, म्हणावं पाय लागला नाही. मी हात वर करीन. आऊट. तो माह्या घरातून जाईन.

कॅचरच्या घरी गेली. दार लावलं. राम काकाकडं गेली. म्हणे मी टीमचा नाही. मामा म्हणाले सूनबाई, एकदा दिलेला निर्णय बदलू नये, तुही इज्जत जाईन.

शेखर टीममधी आहे. शेखर तिथंच उभा होता. त्याच्या पाया पडली. हो म्हणाला. ऋत्विकची शपथ घेतली.

आज ऋत्विक जेवला नाही. त्याचं ताट मात्र साफ.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाचे गाणे बंद झाले. शेखर गेला. जातानी ऋत्विकच्या डोक्शावरून हात फिरवला. म्हणे मी आहे न, तू याले घेऊन बस, खिडकीतून पाह्य, मी बोललो का तू हात वर कर. मी खरं मानलं.

दाराले आतून कडी. ऋत्विक मांडीवर आहे. एका हातानं त्याले धरून लिहून राह्यली.

तिसऱ्या बेसवर कोणीच नाही.

शेखर पिचरच्या जागेवर आहे. बॉल त्याच्याच हातात. मामाचा हात त्याच्या खांद्यावर. माह्या जागी राम काका प्लेट झाडून राह्यले. तोंड माह्याकडं. रडून राह्यले.

शेखर, इकडं पाह्य. एक डाव इकडं —

टाकला.

कॅचरच्या हातात वाजला. झालं. आता कोणी बोललं तरी —

ऋत्विक मांडीवरून उतरला. एक पाय पुढं, गुडघे वाकवून. रनर उभे राह्यतात तसा. त्याले हे कोणी शिकवलं नाही. मी दंड धरला. म्हणते, सोडा न मॅडम, मले निघा लागते.

मॅडम म्हणते मले.

मांडीवर कोणीतरी बसलं. जड आहे. गळ्यात हात टाकले. आई म्हणून राह्यला. ऋत्विक मले मम्मी म्हणते, आई कधीच —

कडी. कडी कोण काढून —

ऋत्विक, थांब, मी हात वर केला, पाह्य, मी आऊट दे