मागच्या चाकाचे छर्रे

३ फेब्रु.
ह्यांनी जुनी सायकल गॅलरीतून हॉलमध्ये घ्यायला लावली. कळव्याहून वागळे इस्टेटच्या कारखान्यात वर्षानुवर्षं हिच्यावरूनच ड्युटी केलेली. पार्किन्सनचं निदान झालं तेव्हापासून गॅलरीतच पडून होती. म्हणे, "सगळी खोलून साफ करू. मग बघ."

६ फेब्रु.
मागच्या चाकाचं हब, मधला तुंबा, खोललं. आतल्या छर्ऱ्यांवर ग्रीसचं डांबर झालंय. रॉकेलने निघेना. मी कामाला जाते त्या डोंबिवलीच्या चष्म्यांच्या दुकानात चष्मे धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन आहे, हे मीच बोलून गेले. झालं. "उद्याच ने."

७ फेब्रु.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शेठ म्हणाले, "थेट टाकीत नको हां मॅडम. काचेच्या बरणीत घाला, बरणी टाकीत ठेवा." बटण दाबलं तसा छर्ऱ्यांतून काळा धूर निघावा तशी घाण सुटायला लागली. तीनदा पाणी बदललं. चांदीसारखं निघालं सगळं. मलाही उगाच वाटायला लागलं, की हे परत हिच्यावर…

८ फेब्रु.
छर्रे ज्यांवर फिरतात त्या लोखंडी शंकूंवर, कोनांवर, खड्डे. घाण होती तोवर दिसले नाहीत. ठाण्याच्या सायकलवाल्याने हातात घेऊन परत दिले. "हे माप येत नाही आता." हे म्हणाले, "तेच बसवू."

१५ फेब्रु., रवि.
एका बाजूला नऊ छर्रे, ग्रीसमध्ये एकेक चिकटवायचे. ह्यांना स्वतःच करायचं होतं. सहा लागले, सातव्याला हात उडाला, सगळे फरशीभर. दुसऱ्यांदा चार. मग छर्ऱ्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. मी लावले. "तुझा हात किती स्थिर आहे गं." चिडून बोलले असते तर बरं झालं असतं.

१९ फेब्रु.
डॉक्टर. गोळी वाढवली. घरातल्या घरातही काठी घ्यायची. ह्यांनी सायकलचं विचारलंच. डॉ. हसले, मग ह्यांच्याकडे बघून थांबले. "नको काका."

२१ फेब्रु.
चाक बसलं. फिरतं, पण खरखरतं. हे कान देऊन ऐकत होते. जेवले नाहीत नीट.

२४ फेब्रु.
दुकानातून आले तर हे खाली बसलेले, पुढचं चाक काढून मांडीवर घेतलेलं, पाना नटवर. हात थरथरत होता. नट सैल करताहेत की आवळताहेत, कळेना. चहा टाकला.